शेड होईल, पण तिसऱ्या वर्षाचं लाईट बिल?

मातीत काम करणाऱ्या शिल्पकाराला तळमजलाच लागतो. ओली माती, लोखंडी सांगाडा, प्लास्टरची पोती जिन्यावरून चढवता येत नाहीत. आणि तळमजल्याच्या गाळ्याला दुकानाचं भाडं पडतं. चित्रकाराची अडचण वेगळी. तैलरंग वाळायला आठवडे जातात, टर्पेंटाइनचा वास दोन खोल्यांच्या घरात मुरून राहतो, शिवाय उजेड दिवसभर सारखा मिळायचा तर खिडकी उत्तरेची हवी. कोल्हापुरातले कितीतरी चांगले हात केवळ जागेपायी थांबलेत, हे मी रोज बघते.

आमचा ट्रस्ट उद्यमनगरातली एक बंद शेड दुरुस्त करून अशा मंडळींना परवडेल अशा भाड्यात द्यायच्या खटपटीत आहे. पुढचा भाग मुलांच्या चित्रवर्गाला, नाटकाच्या तालमींना, प्रदर्शनांना मोकळा राहील. यासाठी पैसा उभा करणं हे माझं काम.

एका रविवारी शेड सगळ्यांना बघायला खुली ठेवली होती. आत एक शिल्पकार व्यक्तिशिल्प करत होता, गल्लीतली पोरं माती मळत होती. सकाळी एका कंपनीचे सीएसआर, म्हणजे कंपनीचा सामाजिक कामांवरचा खर्च, बघणारे अधिकारी आले. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते आणि कला-संस्कृती त्या यादीत बसते. साहेबांनी सगळं नीट विचारलं. पत्रा, फरशी, वायरिंग यांसाठी त्यांची तयारी दिसली. कमी भाड्यामुळे चालू खर्चात पडणारी तूट दरवर्षी भरून देणं मात्र जमणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्यांचा दोष नाही. बांधलेलं दाखवता येतं, तूट दाखवता येत नाही. पण भाडं ठरतं ते तिच्यावरच: वीज, पाणी, घरफाळा, राखणदाराचा पगार. हे सगळं कलाकारांवर वाटलं की पुन्हा दुकानाचं भाडं होतं.

दुपारी एक आजोबा आले. फाउंड्रीसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामासाठी, लाकडी पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) करण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते शिल्पासमोर बराच वेळ उभे राहिले, मग शिल्पकाराला विचारलं, "ब्राँझमधी ओतनार? मग आटायचा हिशेब धरलाय न्हवं?" धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न थोडा मोठा करतात. दोघं त्यावर असे रंगले की मी नुसती ऐकत राहिले.

मग ते माझ्याकडे वळले. "ताई, शेड हुईल तुमची. तिसऱ्या वर्साचं लाईट बिल कोन भरनार?"

आमच्या बैठकांत हा प्रश्न इतक्या उघडपणे कुणी विचारला नव्हता. मी त्यांना कोल्हापूरचे चित्रकार आणि सिनेमा काढणारे बाबूराव पेंटर यांची गोष्ट सांगू लागले, तर ती त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७ साली निघाली, तिला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी. कंपनीचा पहिला सिनेमा 'सैरंध्री' पडद्यावर यायला १९२० उजाडलं. "दावायला काय नसताना तिनं पैसं घातलं," ते म्हणाले. "मलाबी तसंच द्यायचंय. रंगरंगोटीत जायला नको."

मी त्यांना कायम निधी समजावून सांगितला. देणगीदारानं तशी लेखी सूचना द्यायची, मुद्दल ठेवीत राहतं, खर्च फक्त व्याजातून. रोखीनं २,००० रुपयांच्या वर दिलं तर करसवलत मिळत नाही, म्हणून चेक द्या, असंही म्हटलं. सवलतीशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पण चेक दिला. पोरांच्या चित्रवहीतल्या कागदावर स्वतः लिहिलं: मुदलाला हात लावू नये, व्याज वीजबिलाला वापरावं. खाली सही केली. नावाची पाटी नको म्हणाले.

संध्याकाळी मी कायम निधीचं वेगळं पावतीपुस्तक काढलं. शेजारच्या गल्लीतल्या भिशीच्या बायकांनी त्यावर पहिल्या पावत्या फाडून घेतल्या, कारण त्यांची मुलं चित्रवर्गाला यायची आहेत.

पुढच्या बैठकीत मी विश्वस्तांपुढे मागणीच दोन भागांत मांडली. बांधकामासाठी कंपन्या, चालू खर्चासाठी कायम निधी. एका जागेचं भाडं महिन्याला १,५०० रुपये आणि तीन वर्षं वाढ नाही, असा ठरावही झाला. एक विश्वस्त विरोधात होते. निधी पुरा जमल्याशिवाय असं वचन देऊ नये, असं त्यांचं मत. त्यांची काळजी खरी आहे. निधी अजून निम्म्यावरही नाही. या आठवड्यात शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांकडे जाणार आहे, आणि या वेळी पत्र्याआधी वीजबिलाचं बोलणार आहे.