वायफाय गेलं की फोन कोणाला लावायचा

ताईचा लॅपटॉप जुना, पण मशीन अजून धडधाकट. विंडोज ११ त्याच्यावर चढत नव्हतं कारण प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नव्हता, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालेलं. तिला लागतं काय, तर ब्राउझर, थोडी कागदपत्रं, फोटो आणि व्हिडिओ कॉल. म्हटलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, टाकून देतो, मी स्वतः कितीतरी वर्षं तेच वापरतोय. पेनड्राइव्ह लावला, अर्ध्या तासात सगळं बसलं, टचपॅड, आवाज, कॅमेरा पहिल्या फटक्यात चालू. वायफाय मात्र दिसेना.

तिच्या लॅपटॉपमधलं वायफाय आधीच बंद पडलेलं, म्हणून ती यूएसबीचं छोटं अडॅप्टर वापरायची. त्यातल्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्राम, तेव्हा त्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नव्हता. मग माझा फोन केबलने जोडून नेट घेतलं, कोणीतरी भल्या माणसाने सांभाळलेला ड्रायव्हरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवला, कंपाइल केला, म्हणजे मशीनला चालेल अशा रूपात आणला. सिक्युअर बूट ही मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी चालू होती, म्हणजे बाहेरून आणलेल्या मॉड्यूलवर (कर्नलला जोडायच्या अशा तुकड्यावर) सही लागते आणि ती सहीची चावी मशीनला मान्य करायला लावावी लागते. त्यासाठी एक पासवर्ड ठेवायचा, मशीन रीस्टार्ट करायचं, आणि मग एक निळा स्क्रीन येतो, 'मॉक मॅनेजमेंट' (अशा चाव्यांची नोंद) करायचं असेल तर कुठलंही बटण दाबा. दहा सेकंद. तेवढ्यात दाबलं नाही तर मशीन गपचूप पुढे निघून जातं, चावी काही बसत नाही, ड्रायव्हर लोड होत नाही आणि वायफाय का नाही हे स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नसतं. मी शेजारी बसलो होतो म्हणून झालं. ती एकटी असती तर तो निळा स्क्रीन बघून तिने मशीन बिघडलं असंच समजलं असतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

चार महिने छान गेले. मग एका सकाळी फोन. "अरे, वायफायच दिसत नाहीये. काल अपडेट करू का विचारत होता, मी हो म्हटलं." नवा कर्नल आला होता आणि बाहेरचा ड्रायव्हर त्याच्यावर कंपाइलच होत नव्हता.

लिनक्स डेस्कटॉपवर का रुजत नाही यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे आणि त्यात ठरलेली उत्तरं येतात, डिस्ट्रो (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्या) फार झाल्या, टर्मिनलमध्ये कमांड टाइप करणं अवघड, गेम चालत नाहीत, फोटोशॉप नाही. प्रत्येकात थोडं थोडं खरं आहे. पण ताईच्या त्या फोननंतर मला वाटायला लागलं की या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: अख्खं मशीन चालतंय की नाही याची जबाबदारी घेणारा कोणी नाही. कर्नलवाले म्हणणार ड्रायव्हर आमच्यात नाही, डिस्ट्रोवाले म्हणणार बाहेरचं मॉड्यूल तुम्ही टाकलंत, अडॅप्टरवाली कंपनी म्हणणार खोक्यावर विंडोज लिहिलंय, आणि तो सोर्स सांभाळणारा माणूस तर फुकटात, रात्री जागून काम करतोय, त्याला काय बोलणार. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर आहे आणि वायफाय बंद आहे.

हे कर्नलचं जरा नीट सांगतो, कारण इथे लोक उगाच शिव्या घालतात. विंडोजमध्ये ड्रायव्हर साधारणपणे हार्डवेअर बनवणारी कंपनी लिहिते आणि तो बरीच वर्षं तसाच चालतो. लिनक्समध्ये कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातला आतला इंटरफेस मुद्दामच पक्का ठेवलेला नाही. कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी त्याची कारणं लिहिलेला मजकूर कर्नलच्या सोर्ससोबतच मिळतो. म्हणणं असं की आतली रचना चुकीची निघाली तर ती बदलता आली पाहिजे, आणि जो बदलेल त्यानेच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर त्याप्रमाणे दुरुस्त करायचे. मला ते पटतं. त्यामुळेच कंपनीने केव्हाच सोडून दिलेली जुनी हार्डवेअरंही लिनक्सवर चालत राहतात. पण दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो आणि जो ड्रायव्हर आत नाही त्याला दर वेळी मागे धावावं लागतं. सर्व्हरवाल्यांना याचं काही वाटत नाही, त्यांच्याकडे माणसं असतात, मशीन निवडून घेतलेली असतात. नोव्हेंबर २०१७ पासून टॉप ५०० यादीतला प्रत्येक सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर आहे. घरातल्या माणसाने लॅपटॉप घेताना आतली वायफाय चिप कुठली हे कधी बघितलेलं असतं?

आणि मुळात ऑपरेटिंग सिस्टिम कोणी टाकत नाही हो. बहुतेक लोक आयुष्यात एकदाही टाकत नाहीत, खोक्यातून जी येते तीच वापरतात आणि तीच म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. लिनक्सला त्या खोक्यात जागाच मिळाली नाही, आणि ते खोकं लिनक्स जन्मायच्या आधीपासून अडवलेलं होतं. मायक्रोसॉफ्टचे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांशी असे करार असायचे की विकलेल्या मशीनच्या प्रोसेसरमागे पैसे द्यायचे, मग त्यात मायक्रोसॉफ्टची सिस्टिम असो वा नसो. म्हणजे दुसरी सिस्टिम घातली तरी पैसे दोन्हीकडे जाणार. अमेरिकी न्याय विभागाशी १९९४ साली तडजोड झाली तेव्हा हा प्रकार बंद झाला. लिनस टोरवाल्ड्सचा लिनक्स १९९१ चा, तो वयात येईपर्यंत सगळ्यांचे प्रोग्राम, सवयी, प्रिंटर, शिकवण्या विंडोजवर पक्क्या झालेल्या.

एकदा संधी आली होती. २००७ मध्ये आसुसचा ईई पीसी निघाला, छोटासा लॅपटॉप, स्वस्त, सोबत लिनक्स घातलेला. लोकांनी हौसेने घेतला. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये अशा छोट्या मशीनसाठी जुन्या विंडोज एक्सपी होमच्या विक्रीची मुदत वाढवून दिली आणि बघता बघता नेटबुकवर, म्हणजे या छोट्या लॅपटॉपवर, एक्सपीच दिसायला लागलं. ते आठवलं की मला अजून हळहळ वाटते, कारण त्या मशीनवर लिनक्स आधीच बसवून, तपासून मिळत होतं.

फार डिस्ट्रो आहेत म्हणून लिनक्स मागे, हे मला तितकंसं पटत नाही. अँड्रॉइडचे किती प्रकार आहेत, कोणाचं काही अडलं नाही. निवड असण्यापेक्षा, निवडलेलं पायाखालून सरकतं तेव्हा जास्त त्रास होतो. २०११ मध्ये लिनक्सच्या नोम या डेस्कटॉपचा नवा अवतार, नोम ३, आला आणि लोकांनी वर्षानुवर्षं हाताला बसवलेला डेस्कटॉप पार बदलला, त्यावर नाराज होऊन मेट आणि सिनॅमन हे दुसरे डेस्कटॉप निघाले. उबुंटू या डिस्ट्रोने स्वतःचा युनिटी डेस्कटॉप आणला, लोक शिकले, २०१७ मध्ये तो सोडत असल्याचं जाहीर केलं. करणाऱ्याला उत्साह असतो पण वापरणाऱ्याला परत सगळं शोधत बसावं लागतं.

प्रोग्राम बनवणाऱ्यांचेही असेच हाल आहेत. खुद्द टोरवाल्ड्स डायव्हिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या सबसर्फेस या प्रोग्रामवर काम करायचे, आणि २०१४ च्या डेबकॉन्फ या डेबियन डिस्ट्रोच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की विंडोज आणि मॅकसाठी तयार फाइल द्यायला सोपं, लिनक्ससाठीच ते डोकेदुखीचं काम आहे. ज्याने कर्नल लिहिला त्याची ही गत, तर छोट्या कंपनीने काही डिस्ट्रोंसाठी डेब फाइल बनवायची, काहींसाठी आरपीएम बनवायची, की सगळं सोडून द्यायचं? वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर एकच फाइल चालावी म्हणून निघालेल्या फ्लॅटपॅक आणि स्नॅपमुळे आता बरंच सुधारलंय हे मात्र मान्य करायला हवं.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा आधार वाटतो तो स्टीम डेक या हातात धरून गेम खेळायच्या मशीनचा. २०२२ मध्ये आला, आत आर्च या डिस्ट्रोवर आधारलेलं लिनक्स, डेस्कटॉप हवा असेल तर केडीई. घेणाऱ्याला ड्रायव्हर हा शब्दही माहीत असायची गरज नाही, कारण मशीन वाल्व्ह या गेम कंपनीचं, सिस्टिम वाल्व्हची आणि काही बिघडलं तर बघणारही तेच. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनमागे त्यांनी २०१८ पासून पैसा आणि माणसं लावली. कर्नल तोच, ग्राफिक्सचे ओपन ड्रायव्हरही तेच. गूगलची सिस्टिम असलेल्या क्रोमबुक लॅपटॉपचंही तसंच, आत लिनक्सच, २०११ पासून. लिनक्स घालून लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्या आहेत, डेलचा एक्सपीएस १३ डेव्हलपर एडिशन २०१२ पासून मिळायला लागला, पण त्याच्या नावातच डेव्हलपर आहे. माझ्या ताईसाठी तो कोणी बनवला नव्हता.

म्हणून हल्ली कोणी विचारलं तर मी आधी डिस्ट्रो सांगत नाही. मशीन कुठलं, वायफाय चिप कुठली, प्रिंटर कुठला हे विचारतो, आणि काही अडलं तर मला फोन कर असं सांगूनच टाकतो. वीस लोकांना असं बसवून देता येईल, लाखोंना नाही, ते मशीन विकणाऱ्यानेच केलं पाहिजे.

ताईकडे त्या दिवशी आधीचा कर्नल निवडून बूट करायला फोनवर सांगितलं. मशीन चालू होताना बटण दाबून ठेवायचं, यादी येईल, त्यात दुसरी ओळ. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. मग दोन महिन्यांनी आणखी नवा कर्नल आला आणि त्यात त्या चिपचा ड्रायव्हर आतच होता, कोणीतरी तो साफसूफ करून मुख्य कर्नलमध्ये घालून घेतला होता. मी जाऊन बाहेरचं मॉड्यूल काढून टाकलं, रीस्टार्ट केलं, वायफाय आपोआप जोडलं गेलं. तिच्या टेबलावर फोनने नेट घ्यायला ठेवलेली केबल तशीच पडली होती. "ही आता घेऊन जा," म्हणाली, "मला लागणार नाही ना?" घेऊन आलो.