चौथा मजला, लिफ्ट नाही आणि फायबर

"तुमच्याकडे वरती नेट बरं चालतं हो! आमचं पहिल्या मजल्यावर रडतंय." हे मी जिन्यात ऐकते, भाजीच्या गाडीपाशी ऐकते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये चहा येईपर्यंतच्या वेळातही ऐकते. पाठोपाठ प्रश्न ठरलेला: शेवटच्या मजल्यावर फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून येणारं नेट, घेतलं तर स्पीड कमी येत नाही का? आणि मुळात वर आणलंत कसं? आमची इमारत कोथरूडची, १९८० च्या दशकातली, चार मजली, बिनालिफ्टची. म्हणजे पुण्यात अशा जितक्या इमारती आहेत, तितक्या ठिकाणी हा प्रश्न आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी स्पीडची शंका. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्यावर धो धो आणि चौथ्या मजल्यावर करंगळीएवढं येतं, हे आपण रोज बघतो. त्यामुळे नेटही मजल्यागणिक बारीक होत असणार असं वाटतं. तसं काही नसतं. फायबरची काच १२५ मायक्रॉन जाडीची, त्यात प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्यातून प्रकाश एक किलोमीटर गेला तरी घट होते ती साधारण ०.३५ डेसिबल (तीन डेसिबल गेले की प्रकाश निम्मा), आणि कंपनीच्या यंत्रापासून २० किलोमीटरपर्यंतची घरं धरून ही व्यवस्था आखलेली असते. चार मजल्यांचे पंधरा मीटर यात कुणी मोजतसुद्धा नाही. प्रकाश खरा खर्च होतो तो स्प्लिटरमध्ये, कारण तिथे एका तारेतला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. आणि वाया जातो तो खराब जोडांत नि दुमडलेल्या तारेत. तेव्हा मजला विसरा. तार तुमच्या दारापर्यंत कुठून येणार, एवढंच धरून बसा.

कारण वरच्या मजल्याला ती बहुतेक वेळा गच्चीवरून आणतात. रस्ता खोदायचा तर महापालिकेची परवानगी लागते आणि पैसेही मोजावे लागतात. या गच्चीवरून त्या गच्चीवर तार टाकायला एक सेक्रेटरी पटवला की काम झालं. आपल्या शहरांतलं बरंचसं खाजगी नेट असंच गच्च्या ओलांडत पसरलेलं आहे. त्यामुळे शेवटचा मजला हा कंपनीच्या दृष्टीने लांबचा नसतो, उलट वाटेवरचा पहिलाच असतो. फायबरच्या आधी तर त्याचा मान आणखी मोठा होता. गच्चीवर एका पत्र्याच्या पेटीत स्विच, म्हणजे घराघरांत नेट वाटणारं यंत्र, असायचा; त्याला वीज द्यायची शेवटच्या मजल्यावरच्या घराने आणि बदल्यात त्या घराला नेट फुकट. पेटीतून तांब्याच्या लॅन केबल भिंतीवरून सगळ्या मजल्यांवर उतरायच्या. वळवाचा पहिला कडकडाट झाला की दुसऱ्या दिवशी निम्म्या इमारतीचे राउटर गेलेले असायचे आणि सगळे वर येऊन विचारायचे, "तुमच्याकडचं बटण बंद आहे का?"

काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे ते दुखणं गेलं. स्प्लिटरलाही वीज लागत नाही, म्हणजे कुणाच्या घरातून प्लग नको. एक मात्र बघून घ्या. बाहेरून ओढलेल्या तारेत काचेला आधार म्हणून कधी स्टीलची तार असते. तसली तार थेट घरात घेऊ नका; फायबरग्लासच्या काडीचा आधार असलेली केबल मिळते, ती मागा. तार बसवायला येणारी मुलं कुरकुर करतात, पण आणतात.

मग गच्चीवरून आलेली फायबर चालणार नाही का? चालते. मला ती नको होती. पुण्याच्या गच्चीवर तारेला शांतपणे जगू देत नाहीत. मे महिन्यात वॉटरप्रूफिंगवाले येतात, तारेची वेटोळी उचलून कठड्यावर टाकतात आणि जाताना त्यावर विटा ठेवून जातात. सोलरवाला येतो, त्याला पाइप हलवायचा असतो. संक्रांतीच्या सुमाराला मांजा. भाद्रपदात रस्त्यावरून मंडळाचा रथ जातो तेव्हा वर बांबू घेऊन उभा असलेला मुलगा आडव्या तारा उचलून धरतो; बांबू पुरला नाही तर मिरवणूक थांबत नाही, तार तुटते. शिवाय महापालिका अधूनमधून लोंबत्या केबल कापायची मोहीम काढतेच, आणि ती काढू नये असं मी तरी म्हणणार नाही. इतकं सगळं झाल्यावर तक्रार नोंदवली की पलीकडून उत्तर येतं, "मॅडम, गच्चीची चावी कोणाकडे असते?" चावी सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी नातवंडांकडे बंगळूरला.

म्हणून मी खालून आणायचं ठरवलं. आमच्या बाजूच्या नव्या इमारतीसाठी एका कंपनीची जमिनीखालून आलेली तार आमच्या कंपाउंडपाशी पोचलेली होती. जुन्या इमारतींत जिन्याच्या भिंतीत टेलिफोनसाठी पाइप टाकलेले असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच राहत नाही. फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. बिल्डर पाइप मात्र आठवणीने टाकायचे. तळमजल्यावर रंगाखाली गाडली गेलेली टेलिफोनची पेटी शोधा, तिथून प्रत्येक घरात पाइप जातो.

खरा जोर लागला तो कमिटीपाशी. सेक्रेटरी म्हणाले, "आज तुम्ही एक तार आणाल, उद्या प्रत्येकजण आणेल. जिन्याची शोभा काय राहील?"

"काका, पश्चिमेच्या भिंतीवर जे जाळं लोंबतंय त्याची शोभा कुणी बघितली का? ही पाइपातून येणार. बाहेर दिसलीच तर पट्टीत बंद."

"कंपनी सोसायटीला काय देणार?"

हा प्रश्न प्रत्येक सोसायटीत निघतो, आणि मला तो पटत नाही. जागा वापरायचं भाडं म्हणून कंपनीकडे मोठी रक्कम मागितली की कंपनी तुमची इमारत सोडून पुढच्या इमारतीत जाते आणि आपण गच्चीवरच्या तारांसकट तिथेच राहतो. त्यापेक्षा लेखी अर्ज घ्यावा, भिंत बिघडली तर दुरुस्ती कोण करणार ते लिहून घ्यावं, आणि उद्या दुसरी कंपनी आली तर तिलाही हीच वाट मिळेल अशी अट घालावी. एकाच कंपनीला मक्ता दिलेल्या इमारतींचे हाल मी बघितले आहेत. तिथे तक्रार करून उपयोग नसतो, कारण जाणार कुठे? इमारतींना डिजिटल सोयींनुसार तारे, म्हणजे हॉटेलांना असतात तसे स्टार, देण्याचे नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२४ मध्ये काढले. आमच्यासारख्या जुन्या इमारतीला कुणी तारे देणार नाही, पण कमिटीसमोर सांगायला ते उपयोगी पडलं. ट्रायचं नाव काढलं की आवाज जरा खाली येतो.

बसवायला दोन मुलं आली. पाइपात मेलेली तांब्याची फोनची तार होतीच. तिच्या खालच्या टोकाला त्यांनी फायबर चिकटपट्टीने गुंडाळून बांधली आणि वरून तार ओढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर अडली. जोर करू नका म्हणून मी सांगायच्या आत मोठ्या मुलाने स्वतःच हात सोडला, पाइपाच्या वरच्या तोंडातून कपडे धुवायच्या साबणाचं पाणी सोडलं आणि पुन्हा ओढली तेव्हा ती सुळकन वर आली. पाइप चोंदलेलाच असता तर जिन्याच्या कोपऱ्यातून केसिंग-पट्टी मारावी लागली असती. तेही वाईट नाही, फक्त काटकोनी वळणावर तार करकचून दुमडू देऊ नका. काच तुटली नाही तरी वळणातून प्रकाश निसटतो.

त्यानंतरचं काम मी पायरीवर बसून बघितलं. वरची रबरी साल काढली, आतला रंगीत थर काढला, उघडी काच अल्कोहोल लावलेल्या कागदाने पुसली. ती उजेडात धरल्याशिवाय दिसतसुद्धा नव्हती. क्लीव्हर नावाच्या छोट्या यंत्रात ठेवून दाबली, बारीकसा आवाज झाला आणि टोक सरळ तुटलं. मग दोन्ही टोकं स्प्लायसरमध्ये. त्याच्या पडद्यावर ती खांबाएवढी जाड दिसतात, आपली आपण सरकून समोरासमोर येतात, मध्ये ठिणगी पडते आणि दोन काचा एक होतात. खाली जोडातल्या घटीचा आकडा आला ०.०२ डेसिबल. जोडावर नळी सरकवून ती गरम करून आवळली. या कामात काचेचे जे तुकडे पडतात ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि पायात गेले तर निघत नाहीत. घरात रांगतं मूल असेल तर हे काम दाराबाहेर करायला लावा आणि नंतर जमीन चिकटपट्टीने टिपून घ्या; झाडून ते जात नाहीत.

मुलं जाण्याआधी पॉवर मीटरचा आकडा विचारायचाच. घरापर्यंत किती प्रकाश पोचला ते तो सांगतो आणि उणे डीबीएममध्ये येतो; उणे जितकं मोठं, तितका प्रकाश कमी. स्प्लिटरने घरं जोडायची सध्या सर्रास जी जीपॉन पद्धत असते, तिच्यात साधारण उणे ८ ते उणे २७ एवढा पल्ला चालतो. माझा उणे १९ आला. उणे २६ वगैरे आला तर आज नेट चालेल, पावसाळ्यात एखादा जोड ढिला झाला की घरात बसवलेल्या नेटच्या डब्यावरचा लाल दिवा लागेल. तीन डेसिबल म्हणजे प्रकाश निम्मा, एवढं लक्षात ठेवून तिथेच वाद घाला. आकड्याचा फोटो काढून ठेवा, पुढच्या तक्रारीला कामाला येतो. तारेच्या उघड्या टोकात मात्र डोकावून बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

फायबर म्हणून विकतात ते घरापर्यंत फायबर असतंच असं नाही, हेही सांगायला हवं. कित्येक ठिकाणी काच गच्चीपर्यंत येते आणि पुढे तीच जुनी लॅन केबल. ओळखायला सोपं आहे: घरातल्या डब्यात निळ्या किंवा हिरव्या चौकोनी टोकाची बारीक तार गेली असेल तर काच आत आली. फोनच्या पिनेसारखी पारदर्शक प्लास्टिकची पिन असेल तर नाही.

डबा कुठे ठेवायचा, यावर लोक फार कमी विचार करतात. मुलं दाराशीच ठोकून मोकळी होतात. फायबर पुढे हॉलच्या मध्यापर्यंत न्यायला लावा, दहा-पंधरा मीटर तार त्यांच्याकडे असते. जुन्या इमारतींच्या नऊ इंची भिंती ५ गिगाहर्ट्झचा वायफाय खाऊन टाकतात, स्लॅब तर त्याहून वाईट. खिडकीशेजारून तार घेणार असाल तर भोक बाहेरच्या बाजूला उतरतं मारा आणि बाहेर तारेला थोडा झोळ ठेवा, नाहीतर जुलैमध्ये पाणी तारेवरून चालत आत येतं. डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. वीज गेली तरी नेट चालू राहतं, कंपनीच्या टोकाला बॅकअप असेल तर.

प्लॅन कुठला, हे शेवटी. चार माणसांच्या घराला १०० एमबीपीएस भरपूर होतं. फोर-के सिनेमालाही पंधरा-पंचवीसच लागतात. जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा धरा. डबा परत करताना डिपॉझिट मिळतं का ते लिहून घ्या. आणि दोन महिने फुकट आहेत म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी एक पावसाळा जाऊ द्या.