पऱ्हाटीचे तुकडे

मंगळवार, रात्री उशिरा

मी ज्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, चॅटबॉटच्या कोडमध्ये सध्या लक्ष घातले आहे, त्याला इंग्रजी वाक्य नीट कळते. पण आमच्या पांढरकवड्याकडचा शेतकरी ‘पऱ्हाटीवर बोंडअळी आली’ (पऱ्हाटी म्हणजे कपाशी) असे लिहितो, तेव्हा पहिला शब्दच बॉटच्या हाती धड लागत नाही. त्याचे कारण आज सापडले. बॉट पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आहे आणि वाक्यातले शब्द सुटे करण्यासाठी तो रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याच्या सूत्रांमधल्या, ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ या खुणेवर विसंबतो. पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्ये ही खूण अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर एवढेच ओळखते. काना, वेलांटी आणि हलन्त ही युनिकोडच्या, म्हणजे लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, वर्गवारीत ‘मार्क’ या गटात मोडतात, म्हणून ती शब्दाबाहेर पडतात. ‘कापूस’ या शब्दाचे क, प, स असे तुकडे होतात आणि ‘पऱ्हाटी’चे पऱ, ह, ट. पिकाचे नावच असे मोडल्यावर पुढचा अर्थ लावणारा कोड कितीही चांगला असला तरी तो काय करणार?

देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा, म्हणजे ०९०० ते ०९७एफ हे क्रमांक, त्या खुणेला जोडून दिला असता तर आमच्यापुरते काम भागले असते. मला ते पटले नाही. त्या पट्ट्यात वाक्य संपवणारी उभी रेघ, म्हणजे दंडही येतो, म्हणजे तो शब्दाला चिकटून राहिला असता. शिवाय बंगाली, तेलुगू, तमिळ लिहिणारे जिथल्या तिथेच राहिले असते. म्हणून ‘मार्क’ हा सगळा गटच शब्दाचा भाग मानावा, असा बदल मी लिहिला. आपल्या प्रतीत दुरुस्ती करून गप्प बसण्यापेक्षा ती मूळ प्रकल्पात जावी, यासाठीच तर एवढा खटाटोप आहे.

दुपारभर लाइट नव्हती आणि मोबाइलची रेंजही धड नव्हती. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कमिट करायला (बदल नोंदवायला) इंटरनेट लागत नाही, ही सोय खेड्यात बसून काम करणाऱ्यासाठी फार मोलाची आहे. रेंज आल्यावर ब्रांच, म्हणजे बदलांची माझी वेगळी शाखा, पुश करून (वर पाठवून) पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल मूळ प्रकल्पात घेण्याची विनंती, उघडली. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरने दुसऱ्या लिपीतली टेस्ट (बदल नीट चालतो का ते तपासणारा कोड) मागितली, आणि ती मागणी रास्त होती. आदिलाबादकडच्या एका ओळखीच्या ट्रकचालकाकडून कापसाविषयीचे एक तेलुगू वाक्य व्हॉट्सॲपवर मागवून घेतले. ‘पत्ति’ (कापूस) हा शब्द आधी तुटत होता, तो आता अखंड राहतो.

‘ऱ’चा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. कुणाच्या कीबोर्डवरून तो एकच कोड म्हणून येतो, तर कुणाकडून र आणि नुक्ता (खालचे टिंब) असा. या दोन्ही रूपांना एनएफसी ही युनिकोडची प्रमाणीकरणाची पद्धत एकरूप करते. पण र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (जोडणीसाठीचे अदृश्य चिन्ह) असा आलेला अर्धा र तिच्या आवाक्याबाहेर राहतो. तो जॉइनर सरसकट काढूनही टाकता येत नाही, कारण सिंहलीसारख्या लिप्यांमध्ये त्याला काम असते. तेव्हा मराठीपुरता वेगळा नियम लिहून तो स्वतंत्र पुल रिक्वेस्टमध्ये पाठवायचा आहे, आणि त्याची पहिली टेस्ट ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाची असेल.