एस.ई.५ए आणि रंगाची भानगड
अख्खा रविवार एस.ई.५ए या पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या १/७२ स्केलच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या) मॉडेलमध्ये गेला, आपला भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय ज्या बायप्लेनवर (एकावर एक दोन पंखांचं विमान) लढला तेच, जुलै १९१८ मध्ये १० विजय, त्याच महिन्यात गेला, वय फक्त १९, आपल्याकडे किती जणांना नाव माहितीये देव जाणे. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ११ सेंटीमीटर! वरचा पंख रंग झाल्यावरच चिकटवायचा नाहीतर मधे ब्रश जातच नाही. त्यात तो त्या काळच्या ब्रिटिश विमानांचा पीसी१० रंग, हिरवट की चॉकलेटी यावर लोक अजून भांडतात, पिवळ्या मातीत काजळी घातलेलं मिश्रण ते, उन्हापावसात बदलणारच ना, मी चॉकलेटी मारला. पंखांमधल्या तारांसाठी किटच्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर तापवून ताणला, काय बारीक निघतो राव! बायको म्हणे, डासांची जाळी विणतोयस का 😄 वरच्या पंखावरची लुईस मशीनगन उद्या.