म्हातारपणी परत गाजलेला युबी ब्लेक

सध्या अमेरिकन पियानोवादक-संगीतकार युबी ब्लेक लूपवर चालू आहे. बाल्टिमोरचा माणूस, आईवडील आधी गुलामगिरीत होते, आई भयंकर धार्मिक, घरात रॅगटाइम (ठेका मोडत, उड्या मारत जाणारं जुनं अमेरिकन पियानो म्युझिक) चालायचंच नाही, मग पोरगं रात्री गुपचूप सटकून कुंटणखान्यात पियानो वाजवायचं! १९२१ ला गायक-गीतकार नोबल सिसलबरोबर केलेलं 'शफल अलाँग' हे संगीतनाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या थिएटरांच्या दुनियेत, तुफान चाललं. पुढे रॅगटाइमची फॅशन गेली, तर साहेब साठीच्या आसपास न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत म्युझिक शिकायला बसले. १९६९ ला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्याचा डबल अल्बम काढला आणि परत स्टेज, टीव्ही सगळं सुरू. डावा हात नीट ऐका, खाली खोल बास, लगेच वर कॉर्ड, परत खाली, नुसत्या उड्या, आणि उजवा आपला ऑफबीट, ठोक्यांच्या मधेमधे, मस्तीत. ब्रॉडवेवाल्यापेक्षा मला हा म्हातारा युबीच जास्त आवडतो.