सोळातलं एक पिंप

कॅप्रिक आणि कॅप्रिलिक ही दोन आम्लं थंडीत कुणीही ओळखेल. कॅप्रिक ३१-३२ अंशांना वितळतं, कॅप्रिलिक १६-१७ ला. जानेवारीत पिंपाचं बूच काढलं की एक तुपासारखं थिजलेलं असतं आणि दुसरं पातळ. पण आमचा कारखाना रायगड जिल्ह्यातल्या एमआयडीसीत आहे आणि ही गोष्ट एप्रिलमधली. गोडाऊनचा पत्रा तापलेला, पिंपांत जे काही असेल ते बिनरंगी तेलच.

आम्ही इथाइल कॅप्रिलेट करतो. फळासारख्या वासाचं एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोलपासून होणारं संयुग, स्वाद आणि अत्तरवाल्यांना जातं. कच्चा माल म्हणजे कॅप्रिलिक आम्ल. आठ कार्बन, म्हणून नियमाप्रमाणे नाव ऑक्टॅनॉइक. कॅप्रिक दहा कार्बनचं, डेकॅनॉइक. सहा कार्बनचं कॅप्रोइक, हेक्झॅनॉइक. शेव्ह्रलसारख्या फ्रेंच रसायनज्ञाने लोण्यातून असली आम्लं वेगळी काढली, तेव्हा शेळीच्या लॅटिन नावावरून नामकरण चालायचं. वास घेतला की कारण कळतं. ड्यूटीनंतर मी एसटीत बसले की शेजारची सीट बहुधा रिकामीच राहते. पुढे १८९२ साली जिनिव्हात कार्बनी संयुगांना पद्धतशीर नावं देण्याचं ठरलं, पण आमच्या पर्चेसपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. त्यांच्या कॉम्प्युटरात मालाचं नाव जेमतेम मावतं आणि ऑर्डरवर 'कॅप्र. ॲसिड' छापून येतं. पुढचं ज्याने त्याने समजून घ्यायचं.

त्या दिवशी १८० किलोची सोळा पिंपं उतरली. सर्टिफिकेटवर सी-८, शुद्धता ९९ टक्के. नमुन्याचा नियम पिंपांच्या संख्येचं वर्गमूळ अधिक एक, म्हणजे पाच पिंपं. पाचांतून सारखं सारखं घेऊन एक मिश्र नमुना करायचा आणि तपासायचा. नमुने ट्रेनी मुलाने आणले, टायट्रेशनही, म्हणजे थेंबाथेंबाने अल्कली घालून आम्ल मोजणं, त्यानेच केलं. आम्लांक आला ३७६. हवा ३८५ ते ३९०.

आम्लांक म्हणजे एक ग्रॅम माल उदासीन करायला किती मिलिग्रॅम केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अल्कली) लागतं तो आकडा. करायला सोपं आहे, बिघडवायलाही. अर्धा ग्रॅम माल, पन्नास मिली अल्कोहोल, अल्कलीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब, ब्युरेटमध्ये (खुणा केलेल्या तोटीच्या नळीत) ०.१ नॉर्मल केओएच. अल्कोहोलमध्ये स्वतःचं थोडं आम्ल असतं, म्हणून माल घालण्याआधी ते फिकट गुलाबी होईपर्यंत केओएच घालून घ्यावं लागतं. नव्या मुलांना ही पायरी उगाचची वाटते. रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शकही फिनॉल्फ्थॅलिनच हवा. आम्ल दुर्बल आणि अल्कली तीव्र असली की अंतिम बिंदू पीएच सातच्या वर, साडेआठ-नऊच्या आसपास येतो. मिथाइल ऑरेंज त्याच्या कितीतरी आधी रंग बदलून मोकळा होतो.

आधी माझा संशय मुलावर गेला, पण हिशेब जुळेना. अल्कोहोल उदासीन केलं नसेल तर आम्लांक वाढून येईल. केओएच हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य झालं असेल तरी वाढूनच येईल. आमच्या लॅबमधल्या नेहमीच्या चुका आकडा वर नेतात. इथे तो खाली आला होता. मग पाणी? पाणी मोजणारी कार्ल फिशर चाचणी लावली तर पाणी ०.१ टक्का. मी स्वतः पुन्हा वजन करून टायट्रेशन केलं. पुन्हा ३७६. जीसी (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारा गॅस क्रोमॅटोग्राफ) लावला असता तर प्रश्नच मिटला असता, पण त्याचा हायड्रोजन जनरेटर बंद होता. दुरुस्तीची फाइल कुणाच्या टेबलावर होती ते सगळ्यांना माहीत होतं.

तोवर प्रॉडक्शनचे साहेब आले. रिॲक्टर धुऊन तयार होता. त्यांनी पीएच पेपर ओला करून मालात बुडवला आणि मला दाखवला. "ॲसिडच आहे ना मॅडम? मग?"

आता यांना काय सांगायचं! पीकेए जितका कमी तितकं आम्ल तीव्र. ॲसिटिक आम्लाचा पीकेए ४.७६, कॅप्रिलिकचा ४.८९, कॅप्रिकचाही ४.९ च्या जवळपास. आम्लपणा देणाऱ्या कार्बॉक्सिल गटातला हायड्रोजन गेला की उरलेला ऋणभार दोन ऑक्सिजनांत वाटला जातो, त्यामुळे ही आम्लं अल्कोहोलपेक्षा कितीतरी पट तीव्र असतात. पण मागची शेपटी आठ कार्बनांची की दहांची याचा त्या गटाला पत्ताही लागत नाही. जवळच्या कार्बनवर क्लोरीन बसला तर फरक पडतो, क्लोरोॲसिटिकचा पीकेए २.८७ पर्यंत उतरतो. नुसती साखळी वाढवून काही होत नाही. तीव्रता तीच, फक्त रेणू जड झाल्यामुळे एका ग्रॅममध्ये रेणू कमी भरतात. कॅप्रिलिकचा रेणूभार १४४, कॅप्रिकचा १७२. हा फरक पेपरला दिसत नाही, ब्युरेटला दिसतो.

हे बोलता बोलताच डोक्यात आलं. पाचही बाटल्या वेगवेगळ्या टायट्रेट केल्या. चार ठिकाणी ब्युरेट ३४.७ मिलीच्या आसपास थांबली. पाचवीला २९ मिलीवरच गुलाबी. आम्लांक ३२६, म्हणजे चोख कॅप्रिक. चार गुणिले ३८९ अधिक ३२६ भागिले पाच करून बघा, ३७६ येतात.

उरलेली अकराही पिंपं उघडायला लावली. ती सगळी ठीक निघाली. चुकीचं पिंप एकच, लेबल मात्र सोळांवर तेच. पुरवठादाराचं म्हणणं असं की शेवटी एक पिंप कमी पडलं, ते घाईत भरलं. पर्चेसचे साहेब म्हणाले, "एकाच फॅमिलीतलं आहे, ॲडजस्ट नाही का होणार?" ज्या ग्राहकाचं नाक आमच्या जीसीपेक्षा तिखट आहे, त्याला हे त्यांनी स्वतः फोन करून विचारावं.

माल परत गेला. माझं मन अडकलंय ते दुसरीकडेच. आमच्या एसओपीप्रमाणे, म्हणजे लेखी कार्यपद्धतीप्रमाणे, पिंपांचे क्रमांक यादृच्छिक तक्त्यावरून काढायचे. मुलाने तसं केलंच नव्हतं. उन्हाचं आत कोण जाणार म्हणून त्याने दारापाशी असलेली पाच पिंपं उघडली. आणि घाईत भरलेलं पिंप ट्रकमध्ये शेवटी चढलं होतं, म्हणून उतरलं पहिलं आणि राहिलं दारापाशी. तक्ता पाळला असता तर ते पाचांत येण्याची शक्यता सोळात पाच, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बाकी वेळा आम्लांक ३८९ आला असता आणि मी सही करून माल सोडला असता. आधीच्या किती खेपा अशा सुटल्या असतील?

आता मी दर पिंपातून एक परीक्षानळी भरून २० अंशांच्या पाण्यात ठेवते. कॅप्रिक असेल तर थिजतं, कॅप्रिलिक पातळ राहतं. सोळा नळ्या एका रॅकमध्ये मावतात. कॅप्रोइक यातून सुटेल, कारण ते शून्याखालीही पातळच असतं, पण त्याचा आम्लांक ४८३, मिश्र नमुन्यात लपणार नाही. क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाच्या, मते ही पद्धत 'व्हॅलिडेटेड नाही', म्हणजे रीतसर सिद्ध केलेली नाही. वर्गमूळ अधिक एक कुणी व्हॅलिडेट केलंय, असं मी विचारलं. उत्तर आलेलं नाही.

नियम मोडला की भरायच्या डेव्हिएशन रिपोर्टमध्ये 'नमुन्यांची निवड कशी केली' असा रकाना असतो. मुलाने त्यात प्रामाणिकपणे लिहिलं, 'दाराजवळची पिंपं घेतली.' क्यूएला ते वाक्य बदलून हवंय, ऑडिटर बघेल म्हणून. मुलाला मी जे बोलायचं ते बोलले, पण वाक्य बदलायला सांगितलं नाही. रिपोर्ट दोनदा परत आला, दोन्ही वेळा मी तसाच सही करून पाठवला.