कथलाची शिवण

इंडियानातील आमच्या पहिल्या हिवाळ्यात, बाहेर सगळे पांढरे झालेले असताना, शेजारणीच्या खिडकीत टांगलेला काचेचा लालभडक पक्षी मला दिसला. तो कार्डिनल, या राज्याचा पक्षी. अशी काच वरून रंगवतात, असे मी मुंबईत राजाबाई टॉवरच्या खिडक्या पाहिल्यापासून समजत आले होते. चेहरे आणि बारकावे रंगवतात हे खरे. पण मूळ रंग काच वितळलेली असतानाच तिच्यात मुरवलेला असतो. निळ्यासाठी कोबाल्ट आणि काही गुलाबी छटांसाठी चक्क सोने!

या शेजारीणबाई तळघरात असे काचकाम करतात आणि मीही त्यांच्याकडे ते शिकू लागले. त्यांची काच जवळच्याच कोकोमो गावातून येते. तेथील कारखाना 1888 पासून चालू असून न्यूयॉर्कचे प्रसिद्ध काचकलावंत टिफनी यांनाही त्याने काच पुरवली होती. या दुधाळ काचेत रंगांच्या लाटा असल्यामुळे पिसांच्या दिशेने जाणारी लाट सापडेपर्यंत बाई एकेक ताव उजेडासमोर धरून फिरवत राहतात. माझ्या मते खरी कला तिथेच आहे.

काच ‘कापतात’ हा शब्द तसा फसवा आहे. बारीक चाकाने नुसता ओरखडा काढायचा आणि पकडीने दाब देऊन तडा त्या रेघेवरून न्यायचा, एवढेच आपल्या हाती असते. आत वळणारा टोकदार कोपरा मात्र काचेला मानवत नाही. तडा वळण सोडून सरळ निघून जातो. त्यामुळे काच कुठे मोडेल हे ओळखूनच चित्र आखावे लागते. चोचीपाशी मी तीन तुकडे वाया घालवले.

पुढे कडा ओल्या चाकावर घासायच्या, त्यांना तांब्याची चिकटपट्टी गुंडाळायची, फ्लक्स, म्हणजे डाग नीट धरावा म्हणूनचे रसायन, लावायचा आणि कथील व शिसे यांच्या मिश्रधातूचा डाग द्यायचा. जुन्या पद्धतीच्या जाड शिशाच्या पट्ट्यांत इतके लहान तुकडे बसवणे अवघड जाते. तांब्यावर कथील चकाकत पसरताना पाहून मला आमच्या आळीतला कल्हईवाला आठवला. त्याचा नवसागर, यांचा फ्लक्स. शिशामुळे त्या टेबलाशी खाण्यापिण्याला सक्त मनाई आहे.

माझ्या पक्ष्याची शिवण, म्हणजे तुकडे जोडणारी कथलाची रेघ, एका बाजूला फुगली होती. काळा रंग चढवला की ती झाकली जाईल, असे मी म्हणाले. उलट ती अधिकच उठून दिसेल, असे सांगून बाईंनी डाग देण्याची तापलेली सळई पुन्हा माझ्या हातात दिली.